दुकानात एक टीव्ही दाखवला, घरी दुसराच लावला

साताऱ्यात माझ्या आईबाबांना ६५ इंची टीव्ही घेताना फसवलं गेलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण फसवणूक ज्या रीतीने झाली ती कुठल्याही गावात होऊ शकते, म्हणून सगळं सविस्तर सांगते.

बाबा एसटीतून निवृत्त झालेत. टीव्हीचे पैसे त्यांनी कधीचेच बाजूला काढून ठेवले होते. २२ सप्टेंबर २०२५ला, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि दसऱ्याच्या आत खरेदी झाली. दुकानात जो टीव्ही चालू होता तो उत्तमच होता. त्याच्या पॅनलमागचे दिवे भागाभागांत विभागलेले होते. चित्रात जिथे अंधार असेल तिथले दिवे आपोआप मंद व्हायचे, त्यामुळे काळं खरोखर काळं दिसायचं. पॅनल १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं. धाकटा भाऊ सोबत होता, त्याने किमतीच्या पाटीसकट टीव्हीचा फोटो काढला. सेल्समनने कोटेशनच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने पूर्ण मॉडेल नंबर लिहिला आणि म्हणाला, "काका, हाच पीस सीलबंद घरी येईल." बिलावर मात्र फक्त "६५ इंच ४के क्यूएलईडी" एवढंच छापलं गेलं.

बसवायला माणूस आला तो भर दुपारी. टीव्ही भिंतीवर चढवला, यूट्यूबवरचा ४के व्हिडिओ लावला. फुलं, धबधबे, रंगीबेरंगी पोपट. "बघा काका, कसला क्लिअर आहे!" इन्स्टॉलेशनच्या कागदावर "पिक्चर क्वालिटी ओके" या ओळीसमोर बाबांची सही घेतली, आणि "घरात पसारा कशाला" म्हणत रिकामा खोका टेम्पोत टाकून नेला.

असले व्हिडिओ टीव्ही विकण्यासाठीच तयार केलेले असतात. त्यात उजेड भरपूर, रंग भडक, कॅमेरा हळू फिरणारा. अंधार नाही, वेग नाही, माणसाचा चेहरा नाही. म्हणजे जिथे स्वस्त पॅनल उघडं पडतं, ते सगळं वगळलेलं. त्यातच त्याने टीव्ही 'शॉप मोड'वर ठेवला होता. या मोडमध्ये तुम्ही रंग कमी केले तरी थोड्या वेळाने सेटिंग पुन्हा भडक होतं. आईला मालिकेतल्या सगळ्या बायका हळद लावल्यासारख्या दिसत होत्या, ते याचमुळे. भावाने 'होम मोड' लावला तेव्हा चेहरे माणसांचे दिसायला लागले.

खरा प्रकार लक्षात आला २ नोव्हेंबरला. महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर. मी पुण्याहून मुद्दाम गेले होते. दीप्तीच्या चेंडूवर दक्षिण आफ्रिकेच्या वॉलवार्टने उंच फटका मारला, अमनजोतने चाचपडत चाचपडत तो झेल घेतला, आणि आमच्या टीव्हीवर त्या पांढऱ्या चेंडूमागे राखाडी शेपूट ओढली जात होती. प्रेक्षकांमधले अंधारे भाग काळे नव्हतेच, धुरकट करडे होते. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत बॅटरी मारल्यासारखा उजेड. आई दिवाणावर एका बाजूला बसते. तिच्या जागेवरून भारताची निळी जर्सी फिकट, धुतल्यासारखी दिसत होती. आपण ५२ धावांनी जिंकलो, घरात पेढे वाटले, पण माझं लक्ष त्या कोपऱ्यांवरून हटेना.

दुकानात फोन केला तर उत्तरं तयार होती. "तुमच्या केबलचा सिग्नल खराब आहे." "सेट टॉप बॉक्स बदला." "पॅनल नवीन आहे, सेट व्हायला वेळ लागतो."

सिग्नलचं कारण लोकांना पटतं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. साध्या एसडी चॅनेलच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके असतात. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. एकेक ठिपका वीस ठिपक्यांवर ताणल्यावर चित्र मऊ, पुसट दिसणारच. त्याला टीव्ही जबाबदार नाही. पण कोपऱ्यातला उजेड, करडा पडलेला काळा रंग, पडद्यावरचे डाग हे कुठलीही केबल आणत नाही. हे घरच्या घरी सिद्ध करता येतं. पेनड्राइव्हवर पूर्ण काळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या, निळ्या आणि गडद करड्या रंगाचं एकेक चित्र घ्यायचं. केबल आणि इंटरनेट काढून टाकायचं. टीव्ही अर्धा तास चालू द्यायचा, रात्री खोलीतले दिवे बंद करायचे आणि रोज बसता तिथूनच बघायचं. काळ्यावर कोपरे उजळतात का, करड्यावर पट्टे किंवा मळकट ढग दिसतात का, रंगांवर एखादा ठिपका मेलेला आहे का, लगेच कळतं. त्याहून सोपं म्हणजे टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडणं. मेनू केबलमधून येत नाही. डाग त्याच्यावरही तसाच दिसला, तर दोष पॅनलचा.

आमचे कोपरे काळ्या चित्रावर तसेच उजळले. मग भावाने फ्लॅश लावून मोबाइल टीव्ही आणि भिंतीमधल्या फटीत सरकवला आणि मागच्या स्टिकरचा फोटो काढला. चिठ्ठीवरचा नंबर आणि स्टिकरवरचा नंबर शेजारी ठेवले. कंपनी तीच, फ्रेम तशीच, नंबरही तोच, मधलं एक अक्षर सोडून. त्या एका अक्षराने टीव्ही खालच्या मालिकेतला झाला होता: ६० हर्ट्झचं पॅनल, दिव्यांचे वेगळे भाग नाहीत, आणि ऑनलाइन किंमत बाबांनी मोजलेल्या पैशांपेक्षा वीस हजारांनी कमी. कंपनीच्या माहितीपत्रकात "मोशन रेट १२०" असं ठळक छापलंय. तो पॅनलचा वेग नव्हे, चित्रावरच्या प्रक्रियेला दिलेला आकडा आहे. "एचडीआर" (उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र) या शब्दाचंही तसंच. एचडीआर सिग्नल घेता येतो एवढंच त्यातून कळतं. तो दाखवण्याइतका उजेड आणि काळेपणा पॅनलमध्ये आहे का, हे कळत नाही.

दुकानदाराने आधी "दोन्ही सेमच आहे मॅडम" म्हटलं. मी दोन्ही नंबरांची माहितीपत्रकं टेबलावर ठेवली तेव्हा त्याने बाबांच्या सहीचा कागद काढला. "काकांनीच ओके लिहून दिलंय." बहात्तर वर्षांच्या माणसाने दिवसाउजेडी पोपट बघून केलेली सही हे त्यांचं हत्यार होतं. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

तुम्ही टीव्ही घेणार असाल तर बिलावर पूर्ण मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर छापून घ्या; त्याशिवाय पैसे देऊ नका. खोका फोडण्याआधी त्यावरचा मॉडेल नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि एमआरपी यांचा फोटो काढा, आणि खोका निदान बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत घरातच राहू द्या. आमच्याकडे खोका असता तर फटीत मोबाइल घालायची वेळ आली नसती. बसवणारा घाई करत असेल तर सहीच्या शेजारी "चित्र रात्री तपासून कळवू" असं लिहा. तेवढं लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि दुकानात असतानाच आपल्या मोबाइलवरचा किंवा पेनड्राइव्हवरचा एखादा अंधारा प्रसंग आणि क्रिकेटची चित्रफीत लावायला सांगा. नकार मिळाला तर दुसरं दुकान बघा.

आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला, फोन केला. तिथून दुकानाला कळवल्यावर पाच हजारांचं कूपन देऊ केलं गेलं. बाबांनी ते नाकारलं. आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार केली आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वकील सक्तीचा नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. चिठ्ठी, किमतीच्या पाटीचा फोटो, स्टिकरचा फोटो, दोन्ही माहितीपत्रकं आणि काळ्या पडद्याचं चित्रण असं सगळं जोडलंय. मागणी एकच आहे: जो टीव्ही दाखवला तो द्या, नाहीतर पूर्ण पैसे परत करा.