लूपवालं डिले पेडल: जुनं डीएल-४, मार्क टू की बॉस डीडी-८?

डिले पेडल म्हणजे सुराचा पडसाद उशिराने ऐकवणारं, पायाने चालवायचं यंत्र; लूप म्हणजे वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हापुन्हा फिरवणं. लूप करता येणारं डिले पेडल घ्यायचं म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात: लाइन सिक्सचं १९९९ सालचं हिरवं डीएल-४, त्याचीच २०२२ ची आवृत्ती मार्क टू, आणि बॉसचं डीडी-८.

जुन्या डीएल-४ चं नाव झालं ते लूपमुळे. रेकॉर्डिंग १४ सेकंदांचंच, पण चार बटणांना चार स्वतंत्र कामं. त्यातलं एक बटण एकदा दाबलं की लूप अर्ध्या गतीने फिरतो, लागोपाठ दोनदा दाबलं की उलटा. माझ्या मते हे बटण म्हणजे स्वतंत्र वाद्यच आहे. अर्ध्या गतीला सूर एक सप्तक खाली येतो. तिथे नवा थर चढवा आणि गती पूर्ववत करा, तोच थर सप्तकभर वर, दुप्पट वेगात ऐकू येतो. अमेरिकी संगीतकार अँड्र्यू बर्डने व्हायोलिन आणि शिट्टी, विनोदी गायक-कलाकार रेगी वॉट्सने नुसता आवाज घेऊन या पेडलवर मैफली उभ्या केल्या.

दुखणंही बटणांचंच. जाडजूड बटणाखाली सर्किट बोर्डावर इवलासा स्विच असतो, आणि पायाचा भार त्याच्यावर येतो. वापरून वापरून तो थकतो: दाब कधी लागतच नाही, कधी एकाचे दोन होतात. लूप सुरू करताना असं झालं तर सम हुकलीच. सेकंडहँड घेताना चारही बटणं हलक्या पायाने परत परत दाबून बघा, प्लग सॉकेटमध्ये हलवून खरखर ऐका. शिवाय याला ९ व्होल्ट एसी लागतो. पेडलबोर्डचा (अनेक पेडल बसवलेल्या फळीचा) नेहमीचा डीसी सप्लाय चालत नाही. अमेरिकेतून आलेल्या पीसचा १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर लावू नका.

डीडी-८ चं उलट. दणकट धातूची पेटी, रुंद पट्टीवर पाय, त्यामुळे लाथ थेट स्विचवर बसत नाही. रोज बस-रिक्षातून गिअर नेणाऱ्याने हेच घ्यावं. पण अकरा मोडपैकी लूप हा एक मोड. तो लावला की डिले गेला. ४० सेकंद मिळतात, मात्र थांबवायला दोनदा दाबावं लागतं, आणि लूप उलटा किंवा अर्ध्या गतीने फिरवता येत नाही. डिले मुख्य, लूप अधूनमधून, अशांसाठी ठीक.

तालात वाजवणाऱ्यांनी एक हिशेब करावा. मिनिटाला ७० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांच्या तीनतालाचं आवर्तन सुमारे १३.७ सेकंदांचं होतं. म्हणजे जुन्या डीएल-४ मध्ये पूर्ण गतीला एकच आवर्तन, तेही काठोकाठ. लय जरा उतरली की मावत नाही. डीडी-८ मिनिटाला २४ मात्रांपर्यंत साथ देतं.

मार्क टूमध्ये २४० सेकंद आहेत, मायक्रोएसडी कार्ड घातलं तर आणखी. अर्धी गती आणि उलटा लूप तसेच ठेवलेत, ९ व्होल्ट डीसी चालतो, आणि डायनॅमिक माइक (स्टेजवरचा नेहमीचा गाण्याचा माइक) थेट लावता येतो, म्हणजे गायकालाही मिक्सरशिवाय लूप करता येतो. लूपवरच रचना उभी करायची असेल तर पैसे इथे घाला. जुनं हिरवं घ्यायचंच असेल, तर सोल्डरिंग जाणणारा कारागीर आधी गाठा आणि स्विच बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.