गल्लीतले कॅमेरे एका जाळ्यात : उन्हाळा ते दिवाळीचा अनुभव

सावद्यात आमच्या गल्लीत कॅमेऱ्यांची कमी नव्हतीच. सराफ, मेडिकल, केळीची वखार, पतसंस्था, सगळ्यांकडे होते. पण प्रत्येकाची कंपनी वेगळी, ॲप वेगळं. रात्री एखादा केळीचा ट्रक ओटा फोडून गेला की फुटेजसाठी चार जणांच्या हातापाया पडा. म्हणून उन्हाळ्यात आम्ही दुकानदारांनी असलेलेच कॅमेरे, सगळ्यांचं चित्र एकाच ॲपवर दाखवणाऱ्या, मासिक भाड्याच्या एका सेवेला जोडले. नवा एकही घेतला नाही.

ज्यांवर ऑनव्हिफ, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत यासाठीचं मानक, होतं ते कॅमेरे झटपट जोडले गेले. ॲक्सिस, बॉश आणि सोनीने २००८ मध्ये हे मानक सुरू केलं ते याचसाठी. जुने कोॲक्सियल वायरवाले थेट येत नाहीत. त्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंग करणारी पेटी) आरटीएसपी, म्हणजे नेटवर्कवरून थेट चित्र पाठवायची पद्धत, देत असेल तरच जमतं.

पूर्वी तिघांनी एकच कॅमेरा उघडला की चित्र अडकायचं, कारण प्रत्येकासाठी कॅमेऱ्यातून चित्राचा वेगळा प्रवाह निघायचा. आता कॅमेरे सेवेला जोडणारी दुकानातली पेटी तो प्रवाह एकदाच घेते आणि पुढचं वाटप सेवेचा सर्व्हर करतो. मोबाइलवर जाते ती अर्ध्या एमबीपीएसची सबस्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राची हलकी, कमी दर्जाची आवृत्ती. मूळ रेकॉर्डिंग दुकानातच राहतं. तेच बरं. ४ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी खातो, एवढं वर चढवायला आमच्या नेटला जमणार आहे का?

खरं डोकं खाल्लं ते घड्याळांनी. प्रत्येक डीव्हीआरची वेळ आपली आपली. सराफाच्या दारावरून गेलेली मोटारसायकल, रेकॉर्डिंग पाहावं तर, त्याआधीच चौकात पोचलेली! सगळीकडे एनटीपी, म्हणजे नेटवरून घड्याळ आपोआप जुळवायची सोय, लावून घेतल्यावर माग जुळू लागला. सेवावाल्याने हे स्वतःहून सांगायला हवं होतं. पैसे द्यायच्या आधी त्यांच्याकडून एवढं करूनच घ्या.

वीज गेली की कॅमेरे इन्व्हर्टरवर चालू, पण खांबावरचा नेटवर्क स्विच (दुकानांच्या नेटच्या वायरी जोडणारी पेटी) बंद, म्हणजे गल्लीला काहीच दिसत नाही. त्याचा विजेचा बॅकअप आम्हालाच करावा लागला. पावसाळ्यात त्याची किंमत कळली.

सुरुवातीला सगळ्यांना सगळं दिसायचं. सराफ नानांनी पैशाच्या गल्ल्यावरचा कॅमेरा लगेच काढून घेतला, आणि बरोबरच केलं. आता फक्त रस्त्याकडे तोंड असलेले कॅमेरे सामायिक आहेत आणि फुटेज उतरवून घ्यायची परवानगी दोघांनाच. कुणी काय पाहिलं याची नोंद ॲपमध्ये राहते, पण ती जुनी झाली की आपोआप पुसली जाते. ती जपून ठेवायची सोय होईपर्यंत आम्ही वर्षाचं भाडं एकदम भरणार नाही. तीन-तीन महिन्यांचंच चालू ठेवलंय.