बिडाचं पॅन आणि रविवारचा अंडरकट स्टेक, चार महिने वापरून

बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं, पॅन घेतलं त्याला चार महिने झाले आणि मधे तीन-चार जणींनी विचारलं की घ्यावं का गं, तर म्हटलं एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, मी ते एकाच कामासाठी घेतलं होतं, रविवारी रात्री घरच्या घरी मसाला लावलेला स्टेक आणि त्याच पॅनमधे भाज्या, झालं जेवण. व्हिडिओत दाखवतात ना, एकच पॅन, पंधरा मिनिटं, ओटा चकचकीत. आमचा ओटा तीन फुटांचा, त्यावर मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि मम्मीचा ताकाचा गडू कायमचा मुक्कामाला, त्यामुळे एकाच भांड्यात जेवण ही कल्पना मला लगेच पटली.

ऑनलाइन ब्रँडचे पॅन मला बजेटच्या बाहेर दिसत होते म्हणून एका शनिवारी पायधुणीला तांबाकाट्याच्या भांडी बाजारात गेले. तिकडे बिडाचं म्हटलं की आधी डोशाचा तवा पुढे करतात, मग आप्पेपात्र, मग कढई, उंच काठाचं दांड्याचं पॅन मला दोनच दुकानांत दिसलं. २६ सेंटीमीटरचं घेतलं, काट्यावर ठेवायला लावलं तर अडीच किलोला थोडं कमी भरलं, १३५० सांगितले आणि १२०० ला दिलं. वर दुकानदार म्हणाला, 'प्री-सीझन्ड है मॅडम, सीधा गॅस पे चढाओ.' म्हणजे तेल लावून, तापवून आधीच तयार केलेलं. मी पण खूश. तिथून चालत मरीन लाइन्सला आले आणि ब्रिजवरच पिशवीचा बंद तुटला, पॅन एका बाईच्या पायापासून वीतभर लांब पडलं. पॅनला काही झालं नाही, फरशीला झालं असेल. तरी बीड आपटलं की तडकतं, माझं नशीब चांगलं होतं एवढंच.

घरी आणून कोरडा कपडा फिरवला तर कपडा काळा. म्हणजे कसलं सीझन्ड आणि कसलं काय, कारखान्यातून गंजू नये म्हणून लावलेलं तेल होतं ते. आतून पण खरखरीत, दांड्याच्या खाली ओतकामाची कच, म्हणजे धारदार कड, तशीच राहिलेली, हाताला लागते. यासाठी दीड स्टार मी तिथल्या तिथे कापला. मम्मीनं बघितलं आणि म्हणाली, 'अगो बाय, हे बीड हाय, याला आधी पेज पाजायला लागते.' मग दोन दिवस भाताच्या पेजेत बुडवून ठेवलं, काथ्यानं घासलं, गॅसवर कोरडं केलं, तेल लावलं, धूर येईपर्यंत तापवलं, गार केलं, परत तेल. यात मी एक चूक केली ती तुम्ही करू नका. पहिल्या वेळी हात सैल सोडून तेल लावलं आणि पॅन चिक्कीच्या पाकासारखं चिकट झालं. तेल अगदी पातळ लागतं, लावून परत कोरड्या कपड्यानं पुसून घ्यायचं, बोट फिरवलं तर बोट तेलकट व्हायला नको इतकं. तापल्यावर तेच तेल कडक होऊन लोखंडाला धरून बसतं आणि त्याचा काळा थर तयार होतो, जाड लावलं तर वरून सुकतं आणि आतून चिकट राहतं. चार वेळा केलं तेव्हा कुठे जरा चमक आली. नंतर आठवडाभर त्यात फक्त कांदा परतला आणि ऑम्लेट केली, पहिली दोन ऑम्लेट खरवडून खाल्ली.

आता मांस. मुंबईत स्टेक म्हणजे म्हशीचंच, २०१५ पासून राज्यात बैलाचं पण बंद आहे, त्यामुळे बाहेरच्या व्हिडिओतले ते चरबीच्या जाळीचे तुकडे डोळ्यांसमोर आणू नका. आम्ही कलिन्याच्या गावठाणातले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचे मूळ ख्रिस्ती, आमच्याकडे बड्याचं, म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, काही नवीन नाही, पण ते रश्शात, नाहीतर विनिगरमधे मुरवून, तासभर शिजवून. पाच मिनिटांत पॅनवर करायचं हे मम्मीला अजूनही पटलेलं नाही. खाटकाकडे 'स्टेक द्या' म्हटलं तर तो कुठलंही पातळ कापून देतो, 'अंडरकट' म्हणायचं, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, दोन बोटं जाड कापायला सांगायचं आणि वरची पांढरी झिल्ली त्यालाच काढायला लावायची, घरच्या सुरीनं ती निघता निघत नाही. अंडरकट मऊ असतो पण चरबी जवळजवळ नाहीच, म्हणून जरा जास्त झाला की सरळ चप्पल.

पहिला रविवार फुकट गेला आणि त्यात पॅनचा दोष नव्हता. मी कुठेतरी ऐकलं होतं की कच्ची पपई लावली की मांस मऊ होतं, ते खरंच आहे, पपईतलं पपेन मांसाचे धागे तोडतं, पण मी दोन चमचे वाटण लावून रात्रभर फ्रीजमधे ठेवलं. सकाळी बोट लावलं तर वरचा थर पिठासारखा. वर तेच तुकडे सॉस गळत असताना तसेच पॅनमधे टाकले, चारच्या चार एकदम. चर्र आवाज आला तो तीन सेकंद, मग पाणी सुटलं, आणि करड्या पाण्यात मांस उकळत बसलं. मुलगा म्हणाला, 'मम्मा, हे स्टेक आहे की सूप?' रात्री त्यातच बॉटल मसाला (आमचा ईस्ट इंडियन लोकांचा, बाटलीत भरून ठेवायचा मसाला) आणि बटाटा घालून रस्सा केला आणि सगळ्यांनी भाताबरोबर खाल्ला. मम्मी त्या दिवशी फार खूश होती.

आता माझं जे बसलंय ते असं. अर्धा किलो अंडरकटचे चार तुकडे, त्याला सहा लसूण पाकळ्या ठेचून, इंचभर आलं, चमचाभर जाडसर कुटलेली मिरी, दोन चमचे सोया सॉस, एक चमचा विनिगर, एक चमचा तेल आणि अर्धा चमचा बॉटल मसाला. मीठ जपून, सोया सॉसमधे असतंच. साखर किंवा मध अजिबात नाही, बिडावर तो मिनिटात जळतो आणि कडू होतो. चार तास फ्रीजमधे बास, पपई घालायचीच तर चिमूटभर आणि अर्धा तास. करायच्या आधी अर्धा तास बाहेर काढते आणि मग जे काम मला आधी वेडेपणा वाटायचं ते करते, सगळा मसाला बोटानं निपटून एका वाटीत काढते आणि तुकडे कागदी नॅपकिननं कोरडे करते. एवढा मसाला लावला तो पुसायचा? हो पुसायचा. ओलं मांस पॅनमधे गेलं की आधी ते पाणी उडवण्यात सगळी आच जाते आणि वरून खरपूस व्हायला जी १४० डिग्रीच्या पुढची गरमी लागते तिथपर्यंत ते पोचतच नाही. जी चव आत जायची ती गेलेली असते आणि वाटीतला मसाला भाज्यांना कामाला येतो.

पॅन मधल्या आचेवर आठ मिनिटं नुसतं तापवायचं. बीड हळू तापतं आणि गॅसच्या बर्नरवर मधे तापतं, कडेला गार राहतं, अॅल्युमिनियमसारखी आच पसरवत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी थोडं फिरवायचं. पाण्याचे थेंब शिंपडले आणि ते न सुकता मण्यांसारखे पळायला लागले की तयार. आता तुकड्यांना तेलाचा हात लावून दोनच टाकायचे आणि सोडून द्यायचं, उलथनं लांब ठेवायचं. इथे हे पॅन पैसे वसूल करतं खरं. आमच्या जुन्या नॉनस्टिकवर गार मांस टाकलं की आवाजच बसायचा, आणि ते तेवढं तापवायची पण भीती, २६० डिग्रीच्या पुढे त्याचं कोटिंग बिघडायला लागतं. बिडात वजन आहे त्यामुळे गरमी साठलेली असते, मांस टाकल्यावर पण चर्र चालूच राहतं, आणि अडीच-तीन मिनिटांनी चिमट्यानं उचललं की ते स्वतःहून सुटतं, खाली तांबूस-काळपट कडक साल आलेली. अजून चिकटून बसलं असेल तर अर्धा मिनिट थांबायचं, ओढायचं नाही. दुसरी बाजू तेवढीच, शेवटी थोडं बटर आणि दोन लसूण पाकळ्या. मी स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलाय, ६३ डिग्री झालं की काढते आणि ताटलीत पाच-सहा मिनिटं तसंच ठेवते, लगेच कापलं की सगळा रस पाटावर. आणि कापताना धाग्यांच्या आडवं, उभं कापलं तर चावत बसावं लागतं.

भाज्यांमधे बटाटा आधी करावा लागतो हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या, झाकण ठेवून दहा-बारा मिनिटं, दोन्ही बाजूंनी सोनेरी झाल्या की काढून ठेवायच्या, मग मांस, आणि मग मांस ताटलीत टेकलेलं असताना त्याच पॅनमधे फरसबी, गाजराच्या काड्या, कांद्याच्या पाकळ्या, शेवटी सिमला मिरची. वाटीतला मसाला आणि दोन-तीन चमचे पाणी घातलं की तळाला लागलेलं सगळं सुटतं आणि भाज्यांना लागतं, ही फरसबी आमच्याकडे मांसाच्या आधी संपते. वाटीतला मसाला कच्च्या मांसाला लागलेला असतो म्हणून तो चांगला खदखदून उकळायलाच पाहिजे. मशरूम टाकणार असाल तर वेगळे आणि थोडेच, त्यांना पाणी सुटतं. टोमॅटो मी एकदा घातला आणि शिजत ठेवला, तर लोखंडाची चव आली आणि मेहनतीनं आणलेला काळा थर मधे उडाला. विनिगरचं पण तेच, मसाल्यातला चमचाभर चालतो, विंदालू-इंद्याल यात करायचं नाही.

आता त्या 'एकच भांडं' प्रकरणाबद्दल. एका रविवारी मी धुवायची भांडी मोजली. पॅन, मसाल्याचा डबा, उरलेल्या मसाल्याची वाटी, बटाट्याची ताटली, मांसाची ताटली, पाट, सुरी. सात, जेवायची ताटं वेगळी. वेळ पण पंधरा मिनिटं नाही, मॅरिनेशन सोडून पन्नास मिनिटं धरा, कारण २६ सेंटीमीटरमधे चार तुकडे एकदम मावत नाहीत आणि कोंबले की परत सूप. दोघांसाठी हे जेवण मस्त आहे, पाच माणसांच्या घरात पहिला जेवून हात धुतो तेव्हा शेवटच्याचं पॅनमधे असतं.

आणि धूर. वन बीएचकेमधे एक्झॉस्ट नसेल तर हा नाद करू नका. आमचं घर तळमजल्याचं, दोन्हीकडे खिडक्या, तरी समोरच्या आंटीनं दोनदा विचारलं काय जळतंय. ऑलिव्ह ऑइल नको, रिफाइंड शेंगदाणा तेल घ्या, ते उशिरा धुरतं, बटर सगळ्यात शेवटी.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जुलैत एका रात्री धुवून नुसतं ओट्यावर पालथं घातलं, सकाळी काठाला नारिंगी पूड. घाबरून दुकानदाराला फोन केला तर म्हणाला पानी लगा होगा. अरे, भांडं आहे, पाणी लागणारच! काथ्यानं घासून, तेल लावून, तापवून परत ठीक झालं. आता धुतल्यावर दोन मिनिटं गॅसवर ठेवते, गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवते आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवते. हे रोज जमणार नसेल तर स्टीलचं जाड बुडाचं घ्या, वाईट वाटून घेऊ नका. मनगट दुखत असेल तरी घेऊ नका, भरलेलं पॅन एका हातानं उचलत नाही, आणि दांडा पण लोखंडाचाच, मला अंगठ्याजवळ एक डाग कायमचा मिळालाय. कापडी कव्हर दीडशेला वेगळं घ्यावं लागलं.

पाचपैकी साडेतीन देते. एक दुकानदाराच्या त्या 'सीधा चढाओ'ला गेला, अर्धा दांड्याच्या कचेला.

चार महिन्यांत पॅन आता खरं तयार झालंय, अंडं सरकतं त्यावर, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू झाली. मम्मीला तिच्या जुन्या तव्यापेक्षा हे आवडायला लागलंय. गेल्या रविवारी अंडरकट पुसून तयार, आणि पॅन बघते तर त्यात रवा लावलेले बोंबील तडतडतायत. 'तुझं काय पाच मिनिटांचं काम, नंतर कर.' नंतर केलं, आणि स्टेकला बोंबलाचा वास. आता पुढच्या शनिवारी परत तांबाकाट्यात जायचंय, तिच्यासाठी २२ सेंटीमीटरचं बघते, जाताना जाड कापडाची पिशवी नेईन आणि घ्यायच्या आधी दांड्याखाली हात फिरवून बघेन.