पेशीची प्रतिकृती : केंद्रक चोख, सांगाडा मात्र गोठलेला

अकरावीच्या शिकवणीसाठी गेल्या महिन्यात नागपूरच्या सीताबर्डीतील एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून प्राणीपेशीची फायबरची प्रतिकृती अठ्ठावीसशे रुपयांना घेतली. केंद्रक आणि तंतुकणिका उघडून दाखवता येतात, रंग पक्के आहेत, मागच्या बाकावरूनही भाग ओळखू येतात. पण मी ती घेतली ती पेशीच्या सांगाड्यासाठी, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनांच्या तंतूंसाठी, कारण ते जाळे फळ्यावर खडूने काढताना माझी दरवर्षी तारांबळ उडते.

तारककेंद्राचे, म्हणजे केंद्रकाजवळच्या नळकांड्यांच्या जोडीचे, काम सुरेख झाले आहे. एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन नळकांडी सुटी करता येतात आणि त्यांतील सूक्ष्मनलिकांचे (सांगाड्यातल्या पोकळ नळ्यांचे) तीन-तीनचे 9 गट बोट ठेवून मोजता येतात. तंतूंच्या बाबतीत मात्र निर्मात्याने आळस केला आहे. अॅक्टिन या प्रथिनाचा तंतू सुमारे 7 नॅनोमीटर, मध्यम तंतू 10 आणि सूक्ष्मनलिका 25 नॅनोमीटर जाडीची असताना येथे तिन्हींसाठी एकच तार वापरून केवळ रंग बदलला आहे. त्यामुळे पोकळ नळी सहजी का वाकत नाही, दोरासारखे पिळलेले केराटिनचे मध्यम तंतू ताण कसा सोसतात आणि पेशीपटलाखालच्या अॅक्टिनच्या जाळीच्या बळावर पांढरी रक्तपेशी कशी सरपटते, यांपैकी काहीही प्रतिकृतीवरून समजत नाही.

याहून मोठा दोष असा की सारे काही डिंकाने चिकटवलेले आहे, आणि सोबतच्या माहितीपत्रकाने तर सांगाड्याला ‘पेशीची हाडे’ म्हटले आहे. ट्युब्युलिन या प्रथिनाच्या जोड्यांच्या साधारण 13 रांगांनी बनलेली सूक्ष्मनलिका टोकाशी वाढत असतानाच अचानक कोसळते आणि पुन्हा वाढू लागते, हे मिचिसन आणि कर्शनर या शास्त्रज्ञांनी 1984 मध्येच मांडले होते. याच नलिकांवरून कायनेसिन हे वाहक प्रथिन 8 नॅनोमीटरचे एकेक पाऊल टाकत बहुधा पेशीच्या परिघाकडे माल नेते, तर डायनीन हे दुसरे वाहक प्रथिन तो केंद्राकडे आणते. बर्डीच्या स्थानकात एकमेकींवरून जाणाऱ्या मेट्रोच्या दोन मार्गिका रोज पाहणाऱ्या मुलांना ही वाहतूक चटकन कळते. पेशीत रूळच उखडून दुसरीकडे अंथरले जातात, हे मात्र त्यांना पटवून द्यावे लागते.

शेवटी हे पटवण्यासाठी मी अंगणातली सदाफुली वर्गात नेली. तिच्यापासून मिळणारे व्हिनक्रिस्टीन ट्युब्युलिनला चिकटते, तर्कू (विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे ओढणारी सूक्ष्मनलिकांची रचना) नीट तयार होत नाही आणि पेशीचे विभाजन मध्येच अडकते. म्हणूनच ते कर्करोगावर वापरतात. कळलावीतले कोल्चिसिनही ट्युब्युलिनलाच धरते, पण ती वनस्पती विषारी असल्याने तिचे नुसते छायाचित्र दाखवले.

दुकानाच्या सेवेबद्दल तक्रार नाही. एका तंतुकणिकेचा टवका उडालेला होता, ती त्यांनी दुसऱ्याच दिवशी विनातक्रार बदलून दिली. केंद्रक आणि इतर अंगके शिकवण्यापुरती ही किंमत रास्त आहे. केवळ सांगाडा शिकवायचा असेल, तर इतवारीतून दोन रंगांचे मणी आणावेत. मी ते ट्युब्युलिनच्या जोड्यांसारखे आलटून पालटून ओवले आणि 13 माळा एका नळीभोवती उभ्या बांधल्या. ओवायला अख्खी दुपार गेली, वर्गात एका टोकाकडून उसवायला दोन मिनिटे पुरली, आणि मुलांनी लगेच त्या पुन्हा ओवायला घेतल्या.