जुना एफएम ट्यूनर, आठ महिन्यांचा वापर आणि सरकणारं स्टेशन

जानेवारीत पुण्याच्या जुन्या बाजारातून सत्तरच्या दशकातला एक जपानी एफएम ट्यूनर (स्वतःचा स्पीकर नसलेला, ॲम्प्लिफायरला जोडायचा रेडिओ) घेतला. घेताना आधी डायल बघितला, कारण जपानमध्ये विकायला केलेल्या त्या काळच्या सेटचा बँड 76 ते 90 मेगाहर्ट्झ असायचा आणि आपली बहुतेक स्टेशनं त्याच्या वरची. माझ्या सेटवर 88 ते 108 होतं. घरी आणून 101 वर विविध भारती लावलं आणि काय सांगू, आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

पण अर्ध्या तासात निवेदकाचा 'स' न् 'श' फाटायला लागायचा, मीटरचा काटा मधून सरकलेला असायचा, नॉब केसभर फिरवला की ठीक आणि दहा मिनिटांनी पुन्हा तेच. एएफसी, म्हणजे स्टेशन आपोआप धरून ठेवणारी सोय, चालू केलं तर काटा जागेवर राहतो हे खरं, पण मग दुबळं स्टेशन लावलं की ते शेजारच्या दणदणीत स्टेशनकडे ओढून नेतं, त्यामुळे मला ते पटलं नाही.

सगळ्यात आधी ट्यूनर ॲम्प्लिफायरवरून खाली उतरवला. खालची उष्णता गेल्यावर थोडा फरक पडला, पण रोग गेला नाही.

फ्रीक्वेन्सी काउंटर माझ्याकडे नाही, पण छोटा डिजिटल रेडिओ आहे. ट्यूनरचा ऑसिलेटर, म्हणजे स्टेशन पकडायला आतच एक लहर तयार करणारं सर्किट, स्टेशनपेक्षा 10.7 मेगाहर्ट्झ वर चालतो, म्हणजे ट्यूनर 91.1 वर ठेवला तर ऑसिलेटर 101.8 वर. एएफसी बंद करून तो रेडिओ शेजारी ठेवला आणि 101.8 लावलं, ऑसिलेटरची लहर त्यात आवाज नसलेल्या स्टेशनसारखी आली आणि खरखर एकदम गप्प झाली! अर्ध्या तासाने डायलला हात न लावता बघितलं तर ती शांतता 101.7 वर गेलेली. म्हणजे 100 किलोहर्ट्झ खाली, आणि एफएमचं डेव्हिएशनच (आवाजाबरोबर फ्रीक्वेन्सी मधल्या आकड्यापासून जास्तीत जास्त जितकी हलते ते) 75 असतं, मग आवाज फाटणारच की.

फ्रंट एंडचा (ऑसिलेटर असलेल्या सुरुवातीच्या भागाचा) 12 व्होल्टचा सप्लाय थंड असताना न् गरम झाल्यावर मोजला, हलत नव्हता. मग गरम सोल्डरिंग आयर्न न टेकवता एकेका पार्टजवळ नेत गेलो (हे करताना मेन्सच्या बाजूला हात अजिबात नको). ऑसिलेटर कॉइलशेजारच्या 15 पीएफच्या डिस्क कपॅसिटरजवळ नेताच स्टेशन पळालं. नीट बघितलं तर तिथलं सोल्डर बाकीच्यांपेक्षा चकचकीत, बाजूला पिवळट फ्लक्स तसाच, म्हणजे आधी कुणीतरी तो बदलून साधा डिस्क लावलेला.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून एनपीओ जातीचा कपॅसिटर आणला, जो तापमानाने बदलत नाही, आणि मला वाटलं झालं काम. ड्रिफ्ट, म्हणजे स्टेशनचं सरकणं, निम्मा झाला, गेला नाही! दोन रात्री डोकं खाजवल्यावर सर्किटचा नकाशा नीट वाचला, तिथे एन150 लिहिलेलं. कॉइल तापली की तिचं इंडक्टन्स वाढतं, फ्रीक्वेन्सी खाली येते, म्हणून कपॅसिटर मुद्दाम असा घातलेला की तापल्यावर त्याची व्हॅल्यू कमी व्हावी, दर डिग्रीला दहा लाखात 150 भाग. ज्याने हे डिझाइन केलं त्याला माझा मनापासून नमस्कार. तिथे जास्त स्थिर पार्ट लावून भागत नाही, उलट्या दिशेने तेवढाच सरकणारा लागतो.

एन150 दुकानात कुठेच मिळाला नाही, शेवटी भंगारातल्या एका रेडिओच्या बोर्डावरून काढला, पाय होता होईल तेवढे आखूड ठेवले. नंतर डायल थोडा चुकलेला होता तो वरच्या टोकाला ट्रिमरने (स्क्रूने फिरवायच्या छोट्या कपॅसिटरने) आणि खालच्या टोकाला कॉइलने जुळवला, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनेच, लोखंडी नुसता जवळ नेला तरी फ्रीक्वेन्सी हलते.

हे सगळं मार्चमध्ये झालं. त्यानंतर एप्रिल-मेचा उन्हाळा गेला, पंख्याखालीही घाम येत होता तेव्हासुद्धा एएफसी बंद ठेवून ऐकलं. सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं काटा किंचित हलतो, मग रात्री बंद करेपर्यंत मधोमध. डायलचा एक दिवा गेलाय, तो या रविवारी.