एरर नोटा घ्यायच्या असतील तर ठाण्यातलं हे दुकान

ठाणे वेस्टला गोखले रोडच्या आतल्या गल्लीत जुन्या नाण्या-नोटांचं एक छोटं दुकान आहे, तीन गिऱ्हाईकं आली की चौथ्याने बाहेर थांबायचं एवढंसं. आधी वडील बसायचे, आता त्यांची मुलगी बसते. वर्षभरात पाच-सहा वेळा गेलोय आणि छपाईत चुकलेल्या नोटांसाठी मला तरी याच्याइतकं भरवशाचं ठिकाण मिळालेलं नाही, म्हणून लिहितोय.

पहिल्यांदा गेलो ते घ्यायला नाही, दाखवायला. ऑनलाइन एकाकडून ५०० ची नोट घेतलेली, गांधीजींचं चित्रच नाही अशी, चक्क चार हजार मोजून. २०१७ च्या जानेवारीत मध्य प्रदेशात शेतकऱ्यांना बँकेतून गांधीजी नसलेल्या २००० च्या नोटा मिळाल्या होत्या ती बातमी डोक्यात होती, त्यामुळे असं होऊ शकतं म्हणून विश्वास ठेवला. ताईंनी नोट घेतली, कडेच्या तिरक्या रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "दादा, या रेघा हाताला लागतायत ना? अशोकस्तंभ पण लागतोय. गांधीजी पण याच उठावाच्या छपाईत येतात. मग बाकी सगळं जागेवर आणि फक्त चेहरा इतका नेमका कसा गेला?" भिंगाखाली दाखवलं तर चित्राच्या जागी कागदाचे तंतू उठलेले, कोणीतरी घासून काढलेलं. खूप वाईट वाटलं. पण बघायचे पैसे नाही घेतले, आणि लगेच दुसरी नोट गळ्यात मारायचा प्रयत्नही नाही, हे मला फार आवडलं.

नोट कुठल्या पायरीला चुकली ते विचारायचं, हे मी इथेच शिकलो. आधी रंगीत छपाई, मग मोठ्या नोटांना उठावाची, मग नंबर, शेवटी कटिंग. कटिंगच्या आधी कोपरा दुमडला तर उघडल्यावर जास्तीचा कागद निघतो त्याला बटरफ्लाय म्हणतात, आणि नंबरचं चाक अडकलं तर एकाच नोटेवर दोन वेगळे नंबर. स्टार नोटा, म्हणजे नंबरात तारा (*) छापलेल्या, ताई एरर म्हणून विकत नाहीत हेही बरोबर आहे, कारण प्रेसमध्येच खराब निघालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती चांगली नोट असते, २००६ पासून १०, २० आणि ५० मध्ये हे सुरू झालं, आणि लोक मात्र तिलाच मिसप्रिंट म्हणून दुप्पट-तिप्पट भावात खपवतात.

मी घेतलेली सगळ्यात लाडकी म्हणजे जुनी १० ची, मागे गेंडा, हत्ती, वाघवाली. छापताना कागदाला चुणी पडलेली, ती ओढून सरळ केली की हत्तीच्या मधोमध कोरी पांढरी पट्टी येते आणि परत मिटवली की हत्ती अख्खा. साडेतीनशेला मिळाली. घेतानाच ताईंनी सांगितलं की परत विकायला आणलीत तर निम्मेच देईन. असं आधी सांगणारा दुकानदार मी पाहिला नव्हता.

तक्रार दोन गोष्टींची. नोटांवर किंमत लिहिलेली नसते, प्रत्येक वेळी विचारावं लागतं, नवीन माणूस बिचकतो. आणि अल्बमची पानं, तिथे स्वस्तातली मऊ पीव्हीसीची पण ठेवतात, वास येतो बघा त्यांना, काही वर्षांत नोटेला चिकटतात आणि नोट खराब होते, ती ठेवूच नयेत असं मी त्यांना बोललोय. तुम्ही घ्याल तर पीव्हीसी नसलेलीच मागा, थोडी महाग पडतात.

दुपारी दीड ते साडेचार बंद असतं. गाडी नेऊ नका, स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं. मी या शनिवारी परत जाणारे, रिक्षावाल्याने सुट्टे म्हणून दिलेली २० ची आहे, वरचा नंबर ७ वर संपतो आणि खालचा १ वर, भिंगातून घरी चार वेळा पाहिलं, पण ताईंनी बघितल्याशिवाय अल्बममध्ये लावणार नाही.