मांजर-कार्टूनचं ॲप: चेहरा झकास, कान मात्र चार

वर्षाचं सबस्क्रिप्शन संपत आलंय, म्हणून लिहितोय. हे ॲप माणसाच्या फोटोवरून त्याच चेहऱ्याचं मांजर-कार्टून काढून देतं. डोळे, हसू, केसांची ठेवण छानच उतरते. घोडं अडतं ते कानांशी.

डोक्यावर मांजराचे दोन कान उगवतात आणि माणसाचे दोन जागच्या जागी राहतात. मूळ फोटोचा सांगाडा धरून त्यावर नवं रूप चढवायचं अशी ही पद्धत, त्यामुळे फोटोत ठळक दिसणारा कान हटत नाही. मूळ फोटो किती बदलायचा ते ठरवणारी पट्टी ४० टक्क्यांच्या खाली ठेवली की चार कान हमखास. ७० च्या वर नेली की कान जातात, पण चेहराही जातो. मग ते मांजर कुणाचंही. ५५ ते ६० मध्ये जमतं, तेही केस कानांवर आलेले असतील तर. अंबाडा किंवा बारीक कापलेले केस असतील तर फोटो एडिटरमध्ये आधी कानांवर केसांच्याच रंगाचा जाड ब्रश फिरवा. ओबडधोबड चालतो. झुमकेही खोडा, नाहीतर मांजराच्या गालाला लोंबतात. डोक्याच्या वर चौकटीचा पाव भाग मोकळा ठेवा. पासपोर्ट फोटोत तेवढी जागा नसते आणि नवे कान छाटले जातात.

मधल्या अपडेटनंतर कान बरेच सुधारले, तेव्हा चार तारे द्यायच्या बेतात होतो. पण आता टिकली डाग समजून पुसली जाते आणि नथ मिशांत विरघळते. टिकली शेवटी वेगळ्या लेयरवर लाल ठिपका देऊन लावावी लागते. नथीला इलाज नाही. चष्म्याच्या काचेवर चमक असेल तर एक डोळा मोठा होतो, तेव्हा फ्लॅश नको, खिडकीचा उजेड घ्या.

खरा संताप क्रेडिटचा, म्हणजे दर चित्रामागे ॲप जे कापून घेतं त्याचा. चार कानांच्या चित्राचंही क्रेडिट कापतात, उरलेली महिनाअखेरीस बुडतात. तक्रार केली तर उत्तर येतं, ‘चित्र तयार झालं आहे.’ झालंय हो, कान मोजा की!

व्हॉट्सॲप स्टिकरसाठी ॲपमधलं बटण वापरू नका, कडा फाटतात. पारदर्शक पीएनजी उतरवून ५१२ × ५१२ पिक्सेलची वेबपी (स्टिकरला लागणारा फाइलचा प्रकार) करा, १०० केबीच्या आत. भोवती ८ पिक्सेलची पांढरी कड द्या. नाहीतर डार्क मोडमध्ये काळं मांजर गायब होतं.

घरी बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असेल तर स्टेबल डिफ्यूजन हे एआयनं चित्रं काढणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात डिनॉइझिंग (तिथली बदलाची पट्टी) ०.५५ च्या आसपास ठेवायचं, आणि चुकलेल्या कानावर मास्क लावून, म्हणजे तेवढी जागा रंगवून निवडून, तेवढाच भाग पुन्हा काढून घ्यायचा. नेमकी हीच सोय या ॲपमध्ये नाही.

दोन तारे. वर्षाचं परत घेणार नाही. बारसं, वाढदिवस निघाला तर महिन्यापुरतं घ्यावं आणि त्याच दिवशी रद्द करून टाकावं. अँड्रॉइडवर ॲप नुसतं काढून टाकल्यानं पैसे कापायचे थांबत नाहीत. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन रद्द करावं लागतं.